खळ ओली असताना

पडदा वर जातो. मनीषनगरातल्या दुसऱ्या मजल्याची गॅलरी. डिसेंबरचं ऊन आडवं पसरलं आहे, दोरीवर नातीचा पांढरा कोट वाळतो आहे आणि सुपात तुरीच्या शेंगा घेऊन तुळसाबाई बसली आहे. आत मिक्सर सुरू होतो आणि ती गाऊ लागते. मिक्सर थांबतो, तीही थांबते.

तुळसाबाई उमरेडच्या विणकराघरची. एरवी माग, आणि सुगी आटोपली की आमच्या नाटक मंडळीत गाणं. प्रयोग तिच्या गणानेच उघडायचा. तिचा सूर लागला की मागच्या रांगेतल्या बिड्या हातातच विझायच्या. मग एका गावी गणाच्या तिसऱ्या ओळीवर तिचे शब्द गेले. ती क्षणभर उभी राहिली आणि विंगेत पळाली, तिथून थेट बाहेर, बैलगाडीत. मागून अख्ख्या मांडवाचं हसू आलं. त्यानंतर चारचौघांत ती गायली नाही.

आमच्या मंडळीत रिवाज होता: ज्याचा प्रवेश पडला, त्याच्यासमोर त्या रात्रीचं नाव काढायचं नाही. प्रेमाचाच रिवाज. आम्ही सगळ्यांनी तो तीसेक वर्षं पाळला.

आता हर्षाचं लग्न ठरलं. हर्षा म्हणजे तिची नात. मेंदूत आठवणी कशा टिकतात, याचा अभ्यास करते. तिची एकच मागणी होती: हळदीला आजीने तोच गण गायचा.

"माह्या पाटल्या घे," तुळसाबाई म्हणाली, "गाणं नको मागू."

हर्षा ऐकणारी नव्हती. एका रविवारी तिने मला आणि आमच्या ढोलकीवाल्या धोंडबाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर ती आजीपाशी बसली. "आजी, ती रात्र सांग. पहिल्यापासून."

"काहून? खपली काढाले?"

"आठवण बाहेर काढली की काही वेळ कच्ची होते. मग काही तासांत पुन्हा घट्ट बसते. कच्ची असताना तिच्यात नवं काही मिसळलं, तर पुढच्या वेळी ती त्याच्यासकट येते. दर वेळी जमतंच असं नाही. पण तू ती एकटीच काढतेस आणि एकटीच ठेवतेस. म्हणून तशीच्या तशी घट्ट होत जाते."

तुळसाबाईने एक शेंग सोलली. "म्हंजे ताण्याच्या सुताले लावतो ते खळ. धागे चिकटून वाळले अन् सुकेच ओढले तं तुटतात. पानी मारून ओले करा लागतात. मंग कुंचा फिरवला का सुटतात. पन वाळाच्या आधी."

"अगदी तेच," हर्षा म्हणाली.

मग तुळसाबाईने सांगितलं. नव्या लुगड्याचा वास, पायाखाली करकरणारी फळी, तिसरी ओळ, आणि पुढे काहीच नाही. सांगताना तिचे हात थांबले होते. "अन् मंग सारे हासले. माह्यावर."

धोंडबाने सुपारी तोंडात टाकता टाकता हात खाली घेतला. "तुह्यावर? तुह्यावर कोन हासलं वं? हासले ते मले."

"तुले काहून?"

"तू पयाली. मले वाटलं, आता गोटे येतात. म्हनून मी ढोलकी गयात घालून उठलो अन् तुहा गण सोता म्हनाले लागलो. माहा आवाज तुले मालूम आहे."

"मालूम आहे. त्याच्यापरीस म्हैस बरी."

"हव. तं ढोलकीची दोरी तुटली. ढोलकी गडगडत खाली पब्लिकमंदी, अन् मी तिच्या मांगं. लोक हासनार नाही तं काय करतीन?"

तुळसाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी त्या रात्री दुसऱ्या विंगेत राजाच्या पोशाखात उभा होतो. सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मान डोलावली.

"अन् इतके वर्षं कोनी बोललं नाही?"

"रिवाज होता ना वं," धोंडबा म्हणाला.

"आग लागो तुमच्या रिवाजाले." आणि ती हसली. डोळ्यांना पदर लागेपर्यंत हसली.

हर्षाने त्याच दुपारी तिच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. या वेळी तिच्या गोष्टीतही ढोलकी गडगडली. "आता राहू दे," हर्षा म्हणाली, "वाळू दे." मला दारापर्यंत सोडताना ती म्हणाली, "जुनं पुसलं जात नाही, आजोबा. भीतीही पुन्हा डोकं वर काढेल. पण आता आजी तिथे एकटी नसेल."

पुढे आठवडाभराने मी गेलो, तेव्हा आत मिक्सर थांबला आणि गॅलरीतलं गाणं आणखी अर्धी ओळ चाललं. मी चप्पल काढता काढता थांबलो.

हळद लकडगंजातल्या एका सभागृहात होती. पिवळ्या हातांच्या बायकांच्या गराड्यात हर्षा पाटावर, कोपऱ्यात ढोलकी मांडीवर घेऊन धोंडबा. तुळसाबाई उभी राहिली. पहिली ओळ आली, दुसरी आली. आवाज थकलेला, पण जागच्या जागी. तिसऱ्या ओळीवर तिचे ओठ उघडे राहिले. हर्षाने पाटाची कड घट्ट धरली. धोंडबा गुडघ्यावर हात टेकून उठू लागला.

तुळसाबाईचं लक्ष त्याच्या ढोलकीकडे गेलं, आणि तिच्या तोंडावर हसू पसरलं.

"धोंडबा, तू बसूनच राय गा. मले आठवून राहिलं."