बलखीरची माती

तुहामीच्या आधी त्याचा बाप मोजणीदार होता, त्याच्या आधी आजा. बलखीरच्या आधी त्याचा बाप माती मळायचा, त्याच्या आधी आजा. वाळवंटातल्या तिमीमूनच्या बाजूला कामं अशीच उतरतात. एकाच्या हाती तांब्याचा पत्रा, दुसऱ्याच्या टाचेखाली माती.

एकोणचाळीस वर्षं बलखीरने फोगारा साफ केला. वर वाळूत विहिरींची रांग, खाली माणूस वाकून चालेल एवढा भुयारी पाट. गाळ उपसायचा, ढासळलेली बाजू दगडांनी धरायची. आणि मोजणीच्या दिवशी माती. खजुराच्या बागांना पाणी वाटणीने जातं, म्हणून ते मोजावं लागतं. भोकांचा पत्रा पाटात आडवा उभा करायचा. सगळी भोकं ओल्या मातीने बुजवायची, मग एकेक उघडायचं. पाणी पत्र्याच्या काठाशी चढेना-उतरेना झालं की थांबायचं. जितकी भोकं उघडी, तितकं पाणी. बुजवलेलं भोक पाझरलं तर मोजणी वाया. म्हणून बलखीर माती फडक्यातून दोनदा गाळायचा, रात्रभर भिजवायचा, टाचेने मळायचा आणि शेवटी चिमूटभर दाताखाली धरायचा. कचकच लागली तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या हिवाळ्यात दूरच्या वहरान शहरातून वहीबा आली. भूगोल शिकणारी. साठ विद्यार्थ्यांतून दोघांना संशोधनाला पाठवलं होतं, त्यातली ही एक. नळीसारखं एक यंत्र पाण्यात बुडवून ती प्रवाह मोजायची. हिवाळा संपताना गावाने तिचा आकडा मान्य करून पत्र दिलं, तर पुढची दोन वर्षं काम तिचं. नाही दिलं, तर बोचकं बांधून घरी.

पहिला महिना ती बलखीरच्या मागे होती. एकतीसच्या एकतीस विहिरी उतरली. गुडघे सोलले.

"वर जा पोरी, आज पुरे."

"तुम्ही जाताय का काका? मग मी कशी जाऊ?"

बलखीरला ती आवडली. काम चुकवत नव्हती.

दुसऱ्या महिन्यात ती तुहामीकडे बसायला लागली. तुहामीचा पांढरा झगा, तीन पेले चहा आणि आजोबाच्या पत्र्याच्या गोष्टी. घोट्याच्या वर कधी न भिजलेला माणूस पाण्याबद्दल बोलायचा आणि ती लिहून घ्यायची. एकदा तिने फोनवर फोटो दाखवला. मधोमध तुहामी, हातात पत्रा. कडेला एक चिखलाचा पाय.

"हा पाय कुणाचा?" बलखीरने विचारलं.

"अय्या, तुमचाच की काका!" ती हसली.

बलखीर हसला नाही. घरी भाकरी तशीच ठेवून उठला.

"जळताय तुम्ही," बायको झीनब म्हणाली. "धूर दिसतोय मला."

"त्या तुहामीला माती कशाशी खातात ते तरी माहीत आहे का?"

"त्याला नाही माहीत. पण खाताय तुम्ही."

मोजणीच्या आदल्या दिवशी बलखीरने माती एकदाच गाळली. मग दोन मुठी बारीक वाळू टाकली आणि मळली. दाताखाली धरली नाही. उद्या पत्रा पाझरेल, चारचौघांत तुहामी घाबराघुबरा होईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

पत्रा पाझरला, पण हळू, मागच्या बाजूने. वरून कुणाला कळलं नाही. पाणी मातीतूनच निसटत होतं, म्हणून भोकं नेहमीपेक्षा कमी उघडावी लागली. तुहामीने मान वर केली. "एकशे चौदा."

वहीबाने यंत्र पाहिलं, वही पाहिली. "माझ्या हिशोबाने एकशे छत्तीस भोकं यायला हवीत."

बागवाले कुजबुजले. म्हातारा बाजूदा काठी टेकत पुढे आला. गावाचं पत्र द्यायचं की नाही, ते त्याच्या हातात होतं. "पत्रा आमच्या पणजोबाच्या वेळचा आहे, बाई. तुझं यंत्र कधीचं?"

"मागच्या वर्षीचं."

"मग त्याला अजून दात यायचेत." सगळे हसले. "खोट्या आकड्यावर मी पत्र देणार नाही. आणि पाणी घटलंय, तर वाटण्याही घटतील."

वहीबा वाद घालत बसली नाही. थंड पाण्यात गुडघ्यांवर बसली आणि पुन्हा मोजलं. एकशे छत्तीस. यंत्र पुसलं, जागा बदलली, पुन्हा मोजलं. एकशे सदतीस. बोटं निळी पडली. चौथ्यांदा वाकली तेव्हा लोक घरी निघाले होते.

बरोबर काम करूनही पदरी काही न पडलेला माणूस बलखीरने जन्मभर आरशात पाहिला होता. या वेळी ते त्याने स्वतः दुसऱ्यावर आणलं होतं.

"थांबा," तो म्हणाला. "माती नासकी आहे. वाळू मी घातली."

बाजूदाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुणी?"

"मी. जाणूनबुजून. पोरीचं यंत्र खरं आहे."

तुहामीने पत्र्यावरचा एक बोळा काढून बोटांत चुरडला. कण दिसले.

"तुझी माती मी कधी तपासली नाही रे," तो म्हणाला. "बापानेही नाही तपासली तुझ्या बापाची."

बलखीर खाली वाकला आणि उरलेले बोळे काढायला लागला.

आठ दिवसांनी मोजणी पुन्हा झाली. एकशे पस्तीस. बाजूदाने पत्र दिलं. वहीबा धावत बलखीरकडे आली. "दोन वर्षं आहे आता मी इथं, काका," ती म्हणाली.

शिक्षा म्हणून बलखीरला आता पाटात उतरायला मनाई होती. तो वर काठावर उभा होता. खाली त्याच्या जागी आलेला तुहामीचा भाचा माती मळायचा सराव करत होता, तळपायाच्या मधल्या भागाने, नाचल्यासारखा. वहीबा त्याचा फोटो काढायला वाकली.

"टाच!" बलखीर वरून ओरडला. "टाच मार, गाढवा!"

पोराने मान वर केली आणि पुन्हा तसंच मळायला लागला.