एका कान्याची दुरुस्ती

एका सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी मस्तगडातल्या टायपिंगच्या दुकानात एका लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो. तेव्हा डॉ. साळवे मॅडम पहिल्यांदा आल्या. त्यांच्या हातात स्वतःच्या अक्षरातले एक पत्रक होते, काविळीतून उठलेल्या माणसांसाठी. मॅडम महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतात आणि इजा झालेल्या यकृतात चरबीचे काय होते यावर संशोधन करतात, हे मला नंतर कळले.

माझी शाळा दहावीनंतर सुटली, पण शुद्धलेखनाची काळजी सुटली नाही. पत्रकात लिहिले होते, ‘आजार उतरताना यकृतातील चरबीची विकरे जोमाने काम करतात.’ ‘विकर’ हा शब्द मी कधी वाचला नव्हता. मॅडमकडून काना राहिला असे समजून मी सगळीकडे ‘विकार’ केले. लिंग जुळावे म्हणून ‘चरबीची’चे ‘चरबीचे’सुद्धा केले.

तीन आठवड्यांनी मॅडम छापील पत्रक घेऊन आल्या.

“हा काना कोणी दिला?”

“मी,” म्हणालो.

“मग चला धावड्याला. तिथल्या एका काकांनी हे वाचून जेवण तोडलंय.”

बसमध्ये त्यांनी मला विकर म्हणजे काय ते समजावले. शरीरातली कामे विकरे, म्हणजे एन्झाइम, घडवून आणतात. काही विकरे यकृतात चरबी साठवतात, काही ती जाळण्याच्या कामी येतात. त्यातून नव्या पेशी घडायला बळ मिळते. साठवण फार झाली तर इजा वाढते, जाळणे नीट चालले तर यकृत भरून येते. “पण उपाशी माणूस दुरुस्ती कशाच्या बळावर करणार?” त्यांनी विचारले.

रामराव काका ओट्यावर बसले होते. गालफडे आत गेलेली.

“मॅडम, तुमच्याच कागदावर हाय, चरबीचे विकार जोर करून राह्यलेत. मंग तेल, दूध, शेंगदाणे कसे खाऊ?”

काकू आतून म्हणाल्या, “मला वाचता येत न्हाई, म्हणून मी बराबर जेवते. हे शिकलेले, हे उपाशी!”

मी पुढे होणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “काका, कागदावर नाव माझं आहे, तेव्हा चूकही माझीच. तुमचं यकृत बिलकुल चुकलेलं नाही.” त्यांनी पेनाने काना खोडला आणि ओट्यावर बैठक मारली. “तुम्ही जेवल्याशिवाय मी उठत नाही.”

दोन बस निघून गेल्या. शेवटी काकांनी भाकरीवर तेल-चटणी घेतली.

नवीन पत्रके छापू, असे मी सुचवले. मॅडम म्हणाल्या, “जुना कागद घरात राहिला, तर लोक तोच वाचतील.” आम्ही घरोघर फिरून काने खोडले आणि विकर म्हणजे काय ते सांगितले. ‘चरबीचे’ तसेच राहते म्हणून मी अडून बसलो, तेव्हा त्या हसल्या. “व्याकरण राहू द्या. माणूस वाचू द्या.”

माझे नाव त्यांनी आजवर कुणाला सांगितले नाही. आज मीच सांगतो आहे. पुढचे पत्रकही त्यांनी माझ्याकडेच दिले, एका अटीवर : शंका आली तर अक्षर बदलायचे नाही, विचारायचे. तेव्हापासून मी विचारतो, आणि त्या कधी कंटाळत नाहीत.

आज मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. रामराव काका महिन्याभरात शेतावर जाऊ लागले, तसे अजून पुष्कळांना उभे करायचे आहे. त्यासाठी मॅडमना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर वर्षे लाभोत. त्यांनी लिहावे, आम्ही ते गावोगाव बिनचूक पोचवू.