तीन देशांची जहाजं आणि आमचा अबोला

लेस्टरहून पोर्ट्समथला मोटरने जायचं असेल तर ऑक्सफर्ड-विंचेस्टरच्या रस्त्याने जा, चहाचा थर्मास घ्या आणि मागच्या सीटवर अबोला धरलेल्या दोन बायका बसवू नका. सत्तरच्या दशकात आमच्या ह्यांनी नेमकं तेच केलं.

सुलभा हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. दोघींचे नवरे तिथेच डॉक्टर. मी तिला पातेलंभर श्रीखंड पाठवलं आणि पातेलं परत आलं ते घासूनपुसून रिकामं! शेजारणीचं भांडं कुणी रिकामं पाठवतं का? मी बोलणं टाकलं. तिनेही टाकलं, ते कित्येक महिने. आता पुढच्या आठवड्यात ती दोघं कायमची मँचेस्टरला निघाली होती. मिटवायचं तर आत्ताच, पण आधी बोलणार कोण? माझ्या मते, तिने.

नौदलाची गोदी लोकांना बघायला खुली होती. ह्यांनी परस्पर बेत ठरवला. गाडी एकच, आमची.

"अहो, भावजींना सांगा, काच वर करा म्हणावं," सुलभा तिच्या नवऱ्याला म्हणाली.

"अहो, त्यांना सांगा, पराठ्यांचा वास जाऊ दे जरा," मी ह्यांना म्हटलं.

न्यूबरीजवळ रस्त्याकडेला थांबून जेवलो. तिचे पराठे मी खाल्ले नाहीत. खमंग होते मेले.

गोदीचं तिकीट स्वस्त, पार्किंग मात्र लांब. धक्क्याला तीन लढाऊ जहाजं एकमेकांना खेटून बांधलेली: आधी इंग्रजांचं, मग डचांचं, शेवटी पश्चिम जर्मनीचं. शेवटच्यावर जायचं तर आधीच्या दोघांच्या डेकवरून जावं लागतं. साडी नेसून जाऊ नका, लोखंडी शिड्या आहेत. इंग्रज खलाशी म्हणाला, आम्ही एकाच समुद्राकाठचे शेजारी, सराव एकत्र करतो, चालत्या जहाजातून एकमेकांना पाइपने तेल देतो.

"पण जर्मनांशी तर तुम्ही लढलात ना?" ह्यांनी विचारलं.

"माझे वडील लढले. भर समुद्रात तेल संपलं की तेलाची जात कोण बघतो?"

तेवढ्यात डच जहाजावरचा खानसामा भलंमोठं पातेलं घेऊन जर्मनांकडे निघाला. सुलभाने विचारलं तर म्हणाला, "पातेलं त्यांचं. काल सूप आलं होतं. आज आमचा भात जातोय."

"बघा, ह्या खलाशांनासुद्धा रीत कळते," सुलभा पुटपुटली.

माझं डोकंच फिरलं. "तुला कळते ना? मग माझं पातेलं रिकामं का पाठवलंस?"

"रिकामं? अगं, नारळाच्या वड्या होत्या त्यात! भावजींच्या हातात दिलं मी. तू चांगलं-वाईट एक शब्द बोलली नाहीस, म्हणून मी गप्प."

आम्ही दोघी वळलो. पोट सुटलं म्हणून मी ज्यांचं गोड बंद केलं होतं, ते आमचे हे दुर्बिणीतून आकाश बघत होते.

"आधी एकच घेतली होती," हे म्हणाले. "जिना लांब आहे ना."

परतीच्या वाटेवर लेस्टर येईपर्यंत मागच्या सीटवर आमची तोंडं मिटली नाहीत. पुढे दोघं मुकाट. उरलेला आठवडा मी वरच्या मजल्यावरच काढला. सामानाची व्हॅन निघाली तेव्हा मी हुंदके देऊन रडले. एवढे महिने फुकट घालवले, ह्याचं आजही वाईट वाटतं. आरमारातलं मला काही कळत नाही. पण शेजाऱ्याला तेल द्यायचं तर थेट पाइपने द्यावं, मधे नवरा ठेवू नये.