ओटची खळ

आमच्या वसतिगृहाची मेस रविवारी संध्याकाळी बंद असायची. सत्तरच्या दशकातलं सोलापूर, त्यात मुलींचं वसतिगृह. बाहेर जाऊन खाण्याचा प्रश्नच नव्हता. चिवड्यावर भागवायचं, चिवडा संपला की शेजारच्या खोलीत जाऊन त्यांचा संपवायचा.

एका रविवारी दोन्ही खोल्यांमधला चिवडा संपला, तेव्हा मला ट्रंकेतला डबा आठवला. माझे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून ओटचा डबा आणून दिला होता. "पाण्यात टाकायचं, ढवळायचं, झालं!" असं ते म्हणाले होते.

माझ्या दोन मैत्रिणी डब्यावर वाकल्या. एक मोहोळची, शेतकऱ्याघरची, स्वयंपाकात तरबेज. दुसरी अक्कलकोटची, घरी कानडी बोलणारी आणि कायम भुकेली.

"हे तर पव्हंच हायती की," मोहोळकरीण म्हणाली.

मी डब्यावरची इंग्रजी कृती वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"आन् फोडणी?"

"फोडणी नाही लिहिलेली."

"मग इसरले आसतील."

तिनं ओट पोह्यांसारखे चाळणीत धुतले आणि भिजत ठेवले. मी इस्त्री उलटी करून दोन जाड पुस्तकांच्या मध्ये घट्ट बसवली, वर पातेली ठेवली. खोलीत वीज वापरून काही शिजवायला सक्त मनाई होती, म्हणून अक्कलकोटकरीण दाराशी उभी राहिली. मोहरी-हळद होती, तेल मात्र डोक्याला लावायचं, मोगऱ्याच्या वासाचं.

"खोबऱ्याचंच हाय," म्हणून मोहोळकरणीनं तेच ओतलं.

मोहरी तडतडली. ओट पडले. पोहे कसे सुटे होतात, हे मात्र फुगत, चिकटत, एकमेकांच्या गळ्यात पडत चालले. तिनं पाणी घातलं तशी पातेली आणखी भरली. चमचा मध्येच उभा राहिला. अक्कलकोटकरणीला धीर निघेना. दार सोडून ती आली, भला मोठा घास तोंडात घातला, आणि तिचे जबडे जागच्या जागी बसले.

तेवढ्यात दारात रेक्टरबाई. मी इस्त्री जेमतेम पलंगाखाली सरकवली.

"कसला गं हा वास?"

पुढच्या आठवड्यात स्नेहसंमेलन होतं. भिंतींवर कागद चिकटवायचे होते. मला तेवढंच सुचलं.

"खळ केलीय, बाई. पोस्टरांसाठी."

"खळीत मोहरी?"

"मोहरी घातली की मुंग्या येत न्हाईत, बाई," मोहोळकरीण शांतपणे म्हणाली. "आन् हळदीनं कसर लागत न्हाय. आमच्याकडं आसंच करत्यात."

बाईंनी बोट बुडवलं, अंगठ्याशी दाबून पाहिलं. बोट सुटायला वेळ लागला. त्यांचा चेहरा उजळला.

"मैद्यापेक्षा सरस आहे! तू का गप्प?"

अक्कलकोटकरीण डोळे विस्फारून नुसती मान हलवत होती.

"तिची दाढ दुखतेय, बाई," मी म्हणाले.

बाईंनी आमची अख्खी पातेली उचलून नेली. थोड्या वेळानं परत आल्या, तिच्या दाढेसाठी लवंग घेऊन. आम्ही तिघी तशाच उपाशी. तिला निदान लवंग तरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या भिंतीवर पिवळी पोस्टरं झळकली. जवळ गेलं की मोगरा दरवळायचा. मंगळवारी सकाळी पाहतो तो शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून भिंत चाटताहेत. कागदासकट. प्रमुख पाहुण्यांचं नाव तर मुळापासून गेलं होतं.

आम्हाला वाटलं, आता संपलं. बाईंनी खोलीत बोलावलं.

"मुंग्या आल्या नाहीत, हे खरं," त्या विचार करत म्हणाल्या. "पण शेळ्यांचं काय? खळीत कडुनिंब घालून पाहा. आणि हा घ्या माझा स्टोव्ह, रॉकेल भरून ठेवलंय. चांगली शिजवा."

बाहेर आल्यावर मोहोळकरीण पोट धरून भिंतीला टेकली. "आगं, शेळीला लिंब लई आवडतो! बाईस्नी कुणी सांगायचं?"

कुणीच सांगितलं नाही. दुसरी पोस्टरं शेळ्यांनी पहिल्यांपेक्षा लवकर संपवली. मग खळीत मिरची घालायचं ठरलं, म्हणून स्टोव्ह आमच्याकडेच राहिला. संमेलन झालं, पाहुणे आपलं नाव न वाचताच बोलून गेले, तरी तो परत मागायचं बाईंच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही खरे पोहे आणवले आणि खरं तेलही. वर शेंगाचटणी घातली. अक्कलकोटकरणीनं तीनदा ताटली पुढं केली. चौथ्यांदा मी वाढायला गेले, तेव्हा "साकु, साकु," असं कानडीत पुरे म्हणाली, आणि तरीही ताटली काही मागे घेतली नाही.