डिझेलवाला जुबेर

जुबेर शेख मूर्तिजापूरचा. त्याचा बाप गयासुद्दीन बिछायतीचा धंदा करायचा. लग्नात मांडव त्यांचा, दिवे त्यांचे आणि दिवे पेटते ठेवणारं जनरेटरही त्यांचंच. पुढे त्या भागात कापूस लागोपाठ हातचा गेला, तशी लग्नं लहान झाली. लोक घरासमोर, दिवसाउजेडी कार्य उरकू लागले. बाप गेल्यावर जुबेरने मांडवाचं सामान विकून टाकलं, जनरेटर तेवढं ठेवलं.

ते घेऊन तो सेमाडोहजवळ तंबूंच्या एका मुक्कामावर कामाला लागला. अमरावतीच्या पौर्णिमाताई गावंडे यांनी तो उभारला होता. तंबू नावालाच, आत पलंग, कूलर, गीझर. शहरातली माणसं जंगल पाहायला येत, आणि सांज झाली की जनरेटर धडधडू लागे. जुबेर त्याच्याजवळच बसून असे. काही वर्षांत त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलं. त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

ताईंनी हळूहळू बदल केले. प्लास्टिकच्या बाटल्या बंद केल्या, न्हाणीचं पाणी केळींना वळवलं. मग स्वयंपाकघराच्या छपरावर सौर पाट्या बसवल्या आणि जुबेरला बोलावलं. आवाजाने ओढ्यावर जनावर फिरकत नाही, धूर झाडीत कोंडतो, तेव्हा जनरेटर आता नको, असं त्या म्हणाल्या. पाट्यांचं काम त्यानेच पाहावं, शिकवायची सोय त्या करणार होत्या.

"ताई, मी डिझेलचा माणूस आहो," जुबेर म्हणाला. "मले हे नाही जमत."

टेम्पोत जनरेटर घालून तो गावी परतला. काही महिने ते अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिलं. दिवाळीआधी त्याने ते भातकुलीच्या एका मंडपवाल्याला विकलं. त्या दिवशी तो जेवला नाही, असं त्याची बायको फलक सांगते.

थंडीत ताईंचा फोन आला. आभाळ भरून होतं, सगळ्या तंबूंत पाहुणे, प्रत्येकाने गीझर चालवलेला, आणि सौर पाट्यांच्या बॅटऱ्या पार उतरलेल्या. आजच्यापुरतं जनरेटर घेऊन या, असं त्या म्हणाल्या.

"ते त इकलं, ताई."

मग ताई म्हणाल्या, "तुम्ही नुसते या, जुबेरभाई."

जुबेरला जायचं नव्हतं. फलकने त्याचे कपडे पिशवीत भरले. "घरी बसून काय करून राहिले तुमी?" ती म्हणाली. "जा."

परतवाड्याहून एसटीने तो दुपारी पोचला. ताई आणि तो तंबूतंबूत फिरले आणि गीझर काढून टाकले. चुलीवर हंडे चढवले. मागेल त्याला एक बादली गरम पाणी, असं ठरलं. दोन कुटुंबं चिडून निघून गेली. ताईंनी त्यांना थांबवलं नाही. बाकीचे कुरकुरत राहिले.

सांज झाली तसा जुबेर सवयीने जनरेटरच्या जागेकडे गेला. तिथे सिमेंटचा ओटा आणि तेलाचे डाग होते. जरा वेळ टेकला, पण त्याला करमेना. उठून तो हंड्यांपाशी आला.

गीझर पुन्हा लागले नाहीत. जुबेर अमरावतीला जाऊन पाट्यांचं काम शिकला आणि मुक्कामावरच राहिला. काम आवडतं का, असं विचारलं की म्हणतो, काहीच आवाज नाही, चालू आहे की बंद तेच समजत नाही. पावसाळ्यात मुक्काम बंद असतो, तेव्हा तो मूर्तिजापूरकडच्या शेतांत सौर पंप दुरुस्त करतो. शेतकऱ्यांचे फोन फलक घेते, आणि आधी कोणाच्या वावरात जायचं ते तीच ठरवते.