तीन पावलांचा कॉन्फरन्स कॉल

गेल्या रविवारी सकाळी मी चंद्रपूरच्या ऊर्जानगरमधल्या क्वार्टरमध्ये वांगी चिरत बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. एका लाइनवर बाबा, दुसऱ्या लाइनवर दादा… आणि मधात मी, त्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारी.

माझं माहेर धानोऱ्याच्या पुढे, जंगलातलं. तिथे बाबा आणि माझा मोठा भाऊ एकाच घरात राहतात, एकाच चुलीवरचा भात खातात आणि गेल्या रोवण्यापासून, म्हणजे भातलावणीपासून, एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. चार महिने झाले हो!

झालं असं… दादाने धानाच्या चिखलणीला ट्रॅक्टर आणला. बाबा पुढे उभे राहून हाताने दाखवत होते, इकडून घे, तिकडून घे… आणि ट्रॅक्टर सरळ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढला. बाबांनी स्वतःच्या हाताने घातलेला धुरा फुटला. दादा तापला आणि रोवण्याला आलेल्या सगळ्या बायांसमोर म्हणाला, "तुमाले दिसत नाई तं दाखवता काऊन?"

बस. बाबांनी तोंड बंद केलं ते केलंच.

पहिले दोन महिने आईने निरोप सांभाळले. बाबाले सांग पाणी सोडलं… त्याले सांग मले दिसते… एक दिवस तिने भाताचं भगोणं दोघांच्या मधात आपटलं. म्हणाली, "मले नाई जमत आता, पोरीले फोन करा." झालं, काम माझ्याकडे आलं. पगार नाही, सुट्टी नाही.

आता खरी पंचाईत ही की दादा बोलला ते खोटं नव्हतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी चंद्रपुरात डॉक्टर गाठला, एका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मंगळवारची तारीख घेतली. पण आदल्या दिवशी त्यांना आणायला सोबत माणूस हवा ना? आईला बस लागते, मला सोमवारी ड्युटी. उरला दादा.

आणि बाबांचं म्हणणं असं की त्याच्यासोबत गेलो म्हणजे तो बोलला ते कबूल केल्यासारखं होते. याच हट्टापायी मागची तारीख गेली होती. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, आता उशीर करू नका… मला खरंच भीती वाटायला लागली होती.

म्हणून कॉन्फरन्स लावला. म्हटलं, एकमेकांचा आवाज तरी कानावर पडेल.

"त्याले सांग, मी एकटाच येतो एसटीनं," बाबा म्हणाले.

"बाबाले सांग, एसटीचा बोर्ड वाचता येते का म्हणा," दादा म्हणाला.

"त्याले सांग, कंडक्टर सांगते."

अहो, दोघांनाही सगळं ऐकू येत होतं! तरी मी आपली शहाणी, प्रत्येक वाक्य पुन्हा सांगत होते…

आणि गंमत म्हणजे मला सगळं दोनदा ऐकू येत होतं. आधी वाटलं नेटवर्कचा घोळ असेल. मग एक बकरी ओरडली… तीही दोनदा. माझा विळीवरचा हात थांबला.

"दादा, कुठी आहेस तू?"

"पाळीवर."

"आणि बाबा, तुम्ही?"

मग बाबा हळूच म्हणाले, "…पाळीवर."

आमच्या गावात रेंज येते ती फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. मोहाच्या झाडाखाली एक चपटा दगड आहे, तिथून तीन पावलं इकडे-तिकडे झालं की फोन गेला. म्हणजे हे दोघं त्या एकाच दगडाशी, एकमेकांकडे पाठ करून उभे होते! आणि निरोप चंद्रपूरला पाठवून परत पाठीमागच्या माणसाकडे मागवत होते…

मायबाई, काय डोकं फिरलं माझं. "मागं वळा अन् बोला! मी मेली समजा!" असं ओरडले आणि फोन कट केला.

केला खरा, पण लगेच मनात आलं… बाबा तडक घरी निघून गेले तर? ही पण तारीख गेली तर? घरी रेंज नाही, आईला विचारायचीही सोय नाही. वांगी काळी पडत होती आणि मी फोनकडे बघत बसले होते.

वीस मिनिटांनी बाबांना लावला. रिंग गेली, कोणी उचलेना. मग दादाला लावला. तो उचलला… बाबांनी!

"बाबा? दादाचा फोन तुमच्याकडे?"

"माझा त्याच्यापाशी आहे. अक्षरं मोठे करून देऊन राह्यला."

मागून दादाचा आवाज आला, "हे पाहा बाबा, आता दिसते का?"

आणि माझे बाबा, ज्यांनी चार महिने 'मले दिसते' हाच हेका धरला होता, ते म्हणाले, "नाई दिसत रे… आणखी मोठं कर."

मी विचारलं, "बाबा, मंगळवारचं काय मग?"

"थांब ना बाई जराशी! मधात मधात नको बोलू. आमी बोलून राह्यलो ना!"

आणि फोन कट.

मी एकटीच स्वयंपाकघरात खदाखदा हसले आणि मग थोडी रडलेही. सोमवारी संध्याकाळी दोघं एसटीतून उतरले, बाबांचा हात दादाच्या खांद्यावर होता. मंगळवारी ऑपरेशन नीट झालं. डोळ्याची पट्टी काढल्यावर बाबा आधी दादाकडे बघून म्हणाले, "किती वाळला रे तू!"

गावात टॉवर यावा म्हणून मी अर्ज लिहून ठेवला होता. तो सध्या कपाटात ठेवून दिलाय… बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख अजून ठरायची आहे, तोवर दोघांना त्या एकाच दगडाशी उभं राहू दे.