विकत न मिळालेला मोह

मी चौथीपर्यंत शिकलो, तरी पैशात मला कोणी फसवलं नाही असं चारचौघांत सांगत असे. सांगायला काय जातं? फसावं एवढा पैसा तोवर हातात आलाच नव्हता.

तो आला बैलजोडी विकल्यावर. नांगरटीला ट्रॅक्टर यायला लागला, म्हणून जोडी सिंदेवाहीच्या बाजारात दिली. पोरीला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं, गडचिरोलीला. पहिला हप्ता पावसाळ्यात भरायचा होता, आणि हा तर चैत्र.

बायको म्हणाली, "पोस्टात ठेवा."

"पोस्टात पैसा झोपते. मी त्याले कामाले लावतो."

मोह गळत होता. शेजारच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, गोंड माणसं पहाटे टोपल्या घेऊन झाडांखाली जातात, फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. हंगामात भाव पडतो, पावसाळ्यात चढतो, हे जन्मभर पाहिलेलं. ठरवलं, सगळ्या टोलीचा मोह आता घ्यायचा आणि पाऊस लागला की विकायचा.

घरोघर फिरलो. अडली ती एक म्हातारी. सगळ्यात जास्त मोह तिच्याच घरी, दोन सुनांना घेऊन वेचलेला. तिच्यासाठी मी पैशाचा मोठा वाटा राखून ठेवला होता. तिने दोन पोती दिली आणि उरलेला मोह भरलेल्या ढोलीवर, बांबूच्या कणगीवर, हात ठेवून उभी राहिली.

"बाई, भाव वाढवून देतो."

"भाव बरा आहे भाऊ. पण देवाले लागते, पावसाळ्यात लेकरायले लागते. घर झाडून कोणी विकते काय?" मग म्हणाली, "अन् एवढा मोह नेऊन करता काय तुमी? दारूची भट्टी लावता?"

सुना तोंडाला पदर लावून हसल्या. मी निघालो. मागून ती सांगत होती, प्लास्टिकच्या पोत्यात नका ठेवू, ओल धरते. मी मान वळवली नाही. घरी येऊन उरलेला पैसा बायकोपुढे टाकला. "घे, झोपव तुया पोस्टात." तिने दुसऱ्याच दिवशी नेऊन ठेवला.

मृगाच्या आधी एक व्यापारी दारात आला. दीडपट द्यायला तयार होता.

"देऊन टाका," बायको म्हणाली.

"दुप्पट झाल्याबिगर पोत्याले हात लावू देत नाई."

पाऊस लागला. आठवड्यात खोलीतून आंबूस वास यायला लागला. पोती सोडली तर आत काळे, चिकट गोळे. हंगामाच्या शेवटी घेतलेली अर्धओली फुलं मी घाईने सुक्यांत मिसळली होती, आणि वरून प्लास्टिकची पोती. तोच व्यापारी पुन्हा आला. त्याने मूठभर मोह हुंगला, खाली टाकला आणि गाडीत जाऊन बसला. सगळा माल उकिरड्यावर गेला.

हप्त्याला आठ दिवस होते. पोरगी म्हणाली, "बाबा, मी पुढच्या वर्षी जाईन." तिने चिडावं असं मला फार वाटत होतं.

बायकोने पोस्टाचं पासबुक काढलं. टोमणा मारला नाही, तिच्या जागी मी असतो तर दहा मारले असते. म्हातारीने मोह दिला नाही म्हणून जेवढा पैसा वाचला होता, तेवढ्यात पहिला हप्ता बसला. पुढचे हप्ते धानावर भरत गेलो. पोरगी आज सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

त्या पावसाळ्यात तिला गडचिरोलीला पोचवून आलो आणि घरी न जाता आधी टोलीवर गेलो. म्हातारी अंगणात झाडू बांधत होती.

"पोरगी लागली नर्सिंगले," मी म्हणालो.

"बरं झालं. मोह गेला काय चांगल्या भावात?"

"सडला."

ती हसली नाही. झाडू बाजूला ठेवून तिने बसायला खाट ओढली. मी उभाच राहिलो. बसलो असतो तर बोलणं राहून गेलं असतं.

"तुमी नाई म्हणाल्या म्हणून पैसा उरला अन् पोरगी शिकाले गेली, बाई."

"मी माह्या घरचं पाह्यलं भाऊ. तुमच्या पोरीचं मले काय ठाऊक?"

खरं होतं ते. तरी मी दोन्ही हात जोडले. सुना बघत होत्या. म्हातारी ओशाळली, मी नाही.